दुसऱ्या मजल्याची चावी

चावी माझ्याकडे असते.
तांदळाच्या डब्यात ठेवते,
या हवेत लोखंड बाहेर टिकत नाही.

राजपुरीच्या चढावर गुप्त्यांचा फ्लॅट,
दोन खोल्या, आणि बाल्कनीच्या जाळीत
अख्खा मावणारा जंजिरा.
"बिल्डरने किल्ल्याचे वेगळे पैसे लावले,"
गुप्तेकाका दर वर्षी नव्याने सांगतात,
वहिनी दर वर्षी म्हणतात, "पुरे."

ठाण्याहून येतात, मेमध्ये, डिसेंबरात.
आदल्या दिवशी मी गाद्या उन्हाला टाकते,
फ्रिज लावते, तो आधी खोकतो, मग गार होतो.
पालीची अंडी, मागच्या खेपेचा अर्धा साबण,
कपाटात पत्त्यांचा कॅट, बदाम राणी हरवलेला;
तिच्या जागी एसटीच्या तिकिटावर
कुणीतरी मिशीवाली राणी काढलीय.

माझा नवरा शिडाच्या होडीने माणसं किल्ल्यावर सोडतो.
"एवढ्याशा वेळात काय बघायचं?" ओवी विचारायची.
"तळं बघ," तो म्हणायचा,
"चारी बाजूंनी खारं, मधे गोडं."
तिथेही घरं होती, चुली होत्या.
माणसं उठून या काठाला आली.
त्यांच्या चाव्या कुणाच्या डब्यात राहिल्या, कोण जाणे.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा:
ओवी, मे. नील, डिसेंबर. ओवी, परत मे.
रंगारी आला तेव्हा वहिनींनी तीनदा फोन केला,
तेवढी चौकट सोडा.
मीही फडकं मारते ते रेघा सोडून.

वादळाच्या वर्षी आमचे पत्रे गेले.
भर दुपारी अंधार, फोन बंद,
विचारणार कुणाला?
मी तांदळात हात घातला.

सासू, नवरा, दर्शना, शेजारणीची गाभण शेळी.
अकरा रात्री राहिलो.
गाद्यांना हात लावला नाही, चटया अंथरल्या.
शेळी बाथरूममध्ये.
रिकाम्या खोलीत शिरतानाही सासू आधी दार वाजवायची.
बाल्कनीतून आमचं घर दिसलं,
पहिल्यांदाच वरून,
झाकण उडालेल्या टोपासारखं,
आत माझी मिसळणाची बरणी, उभीच्या उभी.

निघताना झाडलं, पुसलं.
चौकटीपाशी आले तर एक रेघ जास्त,
ओवीच्या डिसेंबरपेक्षा दोन बोटं खाली.
नाव नव्हतं.
दर्शना नखं खात उभी.
मी फडकं ओलं केलं.
मग पिळून वाळत घातलं.

गुप्ते आले ते पुढच्या वर्षाच्या शेवटी.
मी सगळं सांगितलं, शेळीसुद्धा.
काका हसले. वहिनी गप्प,
कपबशा मोजाव्यात तशी नजर घरभर फिरवून आल्या.
मग पोरांना चौकटीला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली.

"ही कुणाची?" नील म्हणाला.

मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते.
पाणी वाहत राहिलं.
वहिनी वाकल्या, चष्मा कपाळावर नेला,
पेन्सिलचं टोक जिभेला लावलं.
"नाव काय गं तुझ्या मुलीचं?"

सात वर्षं चावी माझ्याकडे होती.

"दर्शना," मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं. महिना विचारला, तोही सांगितला.

दर्शना तेव्हा धक्क्यावर होती,
बापाची होडी ओढून घेत.
ती त्या रेघेच्या केव्हाच वर गेलीय,
हे मी बोलले नाही.