अक्रोडाची टरफलं

कार्बोरेटरच्या काळात पेट्रोल
हवेचा हात धरून यायचं,
येताजाता व्हॉल्व्हची पाठ धुऊन जायचं.
बावतीस म्हणायचा, पाहुणा असावा तर असा.

आता ते थेट आत शिरतं.
दोनशे बारचा दाब, केसाएवढी सहा भोकं,
पिस्टन खाली उतरतोय तोवर
थेंब फुटून धुकं,
धुक्यानं हवा गार,
मग दाब, मग ठिणगी.
हिशेब चोख.

फक्त दाराकडे कुणी फिरकत नाही.
ऑइलची वाफ येऊन बसते तिथे, करपते.

ओर्लेमच्या आमच्या गॅरेजात
आज एक गाडी खोकत आली. साठ हजार किलोमीटर.
मॅनिफोल्ड उतरवलं तर
व्हॉल्व्हवर खरपुडी, तव्याच्या बुडासारखी.

मस्जिद बंदरहून मी भरडलेली टरफलं आणतो, पोतंभर.
लधाभाई दर वेळी विचारतो,
"गर सोडून हे काय नेतोस?"

व्हॉल्व्ह मिटवून झोत सोडला.
धातूला ओरखडा नाही, काजळी तेवढी सुटली.

बावतीसला आता नीट दिसत नाही.
त्यानं आत बोट घातलं, फिरवलं, वास घेतला.
"थेट घरात घ्यायचं तर घ्या," म्हणाला,
"उंबरा मग हातानं पुसा."
आणि चहा मागवला. अर्धा.