दोनदा बॅटरी

हे नियम कुणी बसून ठरवले नाहीत.
हरभऱ्याला घाटे धरले, जागल सुरू झाली,
तशी भाषाही आपोआप आली.
बॅटरी एकदा चमकली की, ऐकू येतंय.
दोनदा, परत लाव.
आणि आभाळात गरगर फिरली की
बंद कर बाप्पा, कान फुटले.

पाच वावरं, पाच मारे, चौघांकडे स्पीकर.
खरं काम डुकरं हाकलायचं.
रोही आला तर उठून डबा बडवायचा.
पण रात्र लांब, ओलिताची लाईन बाराशिवाय येत नाही,
आणि आर्वीच्या बाजारात रशीद
तीस रुपयांत कार्ड भरून देतो,
हजार गाणी. त्यातली नऊशे खुद्द रशीदनेही ऐकलेली नाहीत.

शालिक लावतो धुमाळ.
डुकरं दोन धुरे ओलांडून पळतात.
"पोट्ट्या, डुकरं गेले, आता मायं डोक्सं बी चाललं,"
बेबीनंदा तुरीतून ओरडते.
तिचं मत बॅटरीत मावत नाही.
कुणा बाईची एक गझल आम्ही सगळ्यांनी वाखाणली,
त्या रात्री ती एवढंच म्हणाली,
"गळा गोड हाय. पण बाई खोटी रडते.
मले इचारा."
कुणी विचारलं नाही.
ती गझल मात्र पुन्हा कुणी लावली नाही.

प्रभुदास कव्वालीवाला.
जयंतीच्या मुकाबल्यांची जुनी रेकॉर्डिंग,
टाळ्या, शिट्या, मधेच माइकची किंचाळी, सगळं जसंच्या तसं.
पुढे ढकलू देत नाही.
"अर्धी कव्वाली बंद करनं म्हंजे
जेवत्या मानसाले उठवनं."
चाळीस मिनिटं. दव पडतं, शेकोटीची राख होते,
शायर अजून सवालावरच.

मी लावायचो ते पतिरामसाठी.
पतिराम मडावी, नाल्याकडचा शेवटचा मारा.
फोन नाही, स्पीकर नाही,
दोन सेलची पितळी बॅटरी, उजेड हळदीसारखा.
तीन हिवाळे ती एकदाच चमकत आली,
कुणाचंही गाणं असो, एकदा.
ऐकू येतंय. बस.
जुनी लावली, नवी लावली, भजनं लावली,
बेबीनंदानं स्वतः गाऊन भरून दिलेली भुलाबाईची लावली.
एकदा.
"कंजूस हाय बुढा," शालिक म्हणाला.

मग पौषातली ती रात्र.
गारठलेल्या बोटाखाली भलतंच दाबलं गेलं,
सत्तेचाळीस नंबर, नाव नसलेलं.
कुठल्याशा शेडमध्ये बँडची तालीम.
क्लॅरनेट चढत जातं, वरच्या सुराशी घसरतं.
कुणीतरी हसतं. खोकला. खुर्ची सरकते.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच घसरतं.
शालिकची बॅटरी आभाळ ढवळायला लागली.
मी बंद करणार, इतक्यात नाल्याकडे
हळद सांडली.
एकदा.
आणि मग, मला वाटलं डोळ्यांवर झोप आहे,
आणखी एकदा.

परत लावलं. परत दोनदा.
चौथ्या वेळी तो स्वतःच धुऱ्यावरून आला,
चपलांना चिखल, कानाला दुपट्टा,
माऱ्याखाली उभा राहून ऐकलं, घसरण्यापर्यंत.
"मी बी इथंच चुकत होतो," म्हणाला.
"बारा वर्सं लगनात वाजोलं. मास्तर म्हने, थो सूर सोडून दे.
सोडला नाई. बँडच सुटला."
मी विचारलं, हा चांगला वाजवतो का?
त्यानं बॅटरी हातात उलटीपालटी केली.
"नाई," म्हणाला. "पर लाव."

तोवर डुकरांनी माझी दोन तासं साफ केली होती.
सकाळी शालिक उपटलेल्या झाडांजवळ उकिडवा बसला,
उरलासुरला घाटा सोलून तोंडात टाकला.
"पाय ना भाऊ," म्हणाला,
"त्याईले बी आवडलं."