पाण्याची रेघ

एप्रिल. बालवर्ग रिकामा.
तेवीस प्रगतिपत्रकं टेबलावर, वर डस्टर ठेवलंय,
पंखा पाचवर आहे म्हणून.
रंग ओळखते. होय.
दहापर्यंत मोजते. होय, सात गाळून.
स्वतःचा डबा स्वतः उघडते.
इथे मी थांबते.

हेत्वीचा डबा जूनपासून मीच उघडत आलेय.
स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत चारात दुमडलेला थेपला.
वडील गुजराती, आई दांडिया बाजारातली भागवत,
त्यामुळे ती दोन भाषांत हट्ट करते
आणि डबा एकाही भाषेत उघडत नाही.

जूनचा पहिला आठवडा मी काहीच शिकवलं नाही.
नाकं पुसली. चपलांच्या जोड्या लावल्या.
एकाने दाराची कडी धरून ठेवली होती,
एकेक बोट सोडवलं, करंगळी सगळ्यात शेवटी.
जशीबेन झाडू टेकवून म्हणाली,
"रडवा दो. थाकशे एटले रमशे."
मी बी.एड.ला हे दोन पेपरांत शिकले होते.

कैवल्य शिर्के रडला नाही.
बोललाही नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला.
हजेरीत नाव आलं की खिशातून हात काढायचा,
वर धरायचा,
परत खिशात ठेवून द्यायचा.

मग विश्वामित्री आली.
रस्त्याने आली, फाटकातून, न विचारता,
फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत वर्गात उभी राहिली.
नवव्या दिवशी शाळा उघडली तेव्हा
अक्षरांचे ठोकळे फुगले होते, ज्ञ मधून फाटला होता
आणि भिंतीवर तपकिरी रेघ,
इतकी सरळ, की मला वीस वर्षांत फळ्यावर तशी जमलेली नाही.

गोल करून बसवलं. विचारलं, घरात काय काय भिजलं?
गादी. फ्रिज. आजोबांची पेटी.
"मम्मी," एकीने सांगितलं.
आणि कैवल्य, अगदी स्पष्ट,
सोसायटीच्या वॉचमनसारखा:
"पार्किंगमध्ये मगर आलेली. स्कूटरच्या खाली."
बावीस तोंडं उघडी.
मग?
"माणसं आली. तिच्या तोंडाला टेप लावली.
ती काही बोलली नाही."

तक्त्यावर म मक्याचा आहे.
आमच्या वर्गात कुणी मान्य करत नाही.

डिसेंबरात एकदा मी ओरडले.
कशावरून, आठवत नाही, माझंच घरचं काहीतरी होतं.
ऊर्जा पवारने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं
आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत काढलं नाही.
डबासुद्धा एका हाताने खाल्ला.
याला रकाना नाही. असता तर
तो माझ्या पत्रकात असता.

रेघ रंगवायची राहून गेली.
ट्रस्टी दोनदा बघून गेले, कोटेशन मागवलं म्हणाले.
तोवर पोरं तिच्याशी मापं घेऊ लागली.
सप्टेंबरात कैवल्यचं डोकं रेघेच्या खाली.
उतरायणानंतर, मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या असताना,
केस तिला टेकले.
होळीला भांडण, कारण त्याने केस ओले करून उभे केले होते.
परवा मात्र खरोखरच वर आला,
रेघ कपाळावरून जात होती, गंधासारखी.
तो पाण्याच्या वर उभा होता
आणि त्याला फक्त पाणी प्यायला जायचं होतं.

हेत्वी अजून एक बोट खाली.
शेवटच्या दिवशी भिंतीला पाठ लावली,
माझ्याकडे बघितलं,
टाचा उचलल्या.
मी पट्टी ठेवली डोक्यावर आडवी.
"आली," म्हटलं.
जशीबेन हसली, खाली बघून.

तर, डबा.
पेन उघडून पाच मिनिटं झाली.
मी लिहिते: होय.
पुढच्या वर्षीच्या बेनला समजेल पहिल्याच मधल्या सुट्टीत.

उद्या रंगारी येणार आहे.
मांडणीत एक चप्पल उरलीय, डाव्या पायाची, निळी.
आठ दिवस झाले, कुणी न्यायला आलं नाही.
टाकू का, विचारलं तर जशीबेनने हातातून घेतली,
झटकली, परत ठेवली.
जूनमध्ये कुणाची तरी हरवेलच, म्हणाली.