कपाटाला तीन कुलपं

दिघ्याच्या खाणी बंद झाल्या,
धूळ निवृत्त झाली नाही.
यल्लव्वाच्या छातीत ती अजून कामावर येते,
पहाटे चारला, हजेरी न लावता.

मी रजिस्टर लिहिते.
नाव, वय, किती वर्षं दगड फोडले,
रात्री किती उशा घेऊन झोपता.
हा शेवटचा प्रश्न छापील फॉर्मात नव्हता,
शेरीन डॉक्टरांनी पेनाने घातला.
हणमंत धोत्रे म्हणाला, उशी कुठली बाई,
तीन विटा घेतो डोक्याखाली.
मी रकान्यात लिहिलं: विटा, तीन.

यंत्र आलं आणि भांडण आलं.
हवेतून प्राणवायू गाळून देणारं,
गुडघ्याएवढं, खाली चार चाकं.
पैसे मशिदीच्या ट्रस्टचे.
खोली मढवींच्या मंडळाची,
जिथे अकरा महिने गणपतीचं मखर झोपायचं.
वीज बचत गटाच्या मीटरवरून.
डॉक्टर दर बुधवारी नेरुळच्या इस्पितळातून,
आणि पालिकेकडून मी, दोन पेनं, एक शिक्का.

मग फलकावर आधी नाव कुणाचं?
तीन बैठका झाल्या.
दर वेळी चहा वेगळ्या संस्थेचा,
तेवढा एक हिशेब सरळ राहिला.
नारायण मढवी तावातावाने उठून गेले,
चप्पल राहिली म्हणून परत आले,
आणि आलोच आहोत तर, म्हणत बसले.
ठरलं एवढंच:
कपाटाला कुलपं तीन.
एक किल्ली मुनीर अत्तारांच्या घड्याळाच्या पट्ट्याला,
एक मढवींच्या करगोट्याला,
एक सगुणा कडूच्या पदराच्या गाठीत.
एकट्याने कुणी उघडायचं नाही.
आम्ही त्याला विश्वास म्हणालो.

मार्गशीर्षातली रात्र.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांचा धूर
खाली बसलेला, हलत नव्हता.
यल्लव्वाचा नातू भीमू पळत सुटला.
मुनीरभाई लुंगीवरच आले.
मढवी ऐरोलीला, पुतण्याच्या हळदीत.
डीजेपुढे कुणाला काय ऐकू जाणार,
पोराने त्यांचा हात धरून ओढला.
गालांवर हळद तशीच घेऊन आले,
खोलीच्या दिव्यात पिवळेजर्द.
सगुणा महाप्याला, काचेच्या कंपनीत,
रात्रपाळीत सातव्या मजल्याच्या लाद्या पुसत.
सुपरवायझर म्हणाला, पास नाही, सुट्टी नाही.
तिने खाली येऊन गाठ सोडली,
गेटवरून किल्ली फेकली.
भीमूने ती रस्त्यावर चाचपून शोधली,
मोबाईलचा टॉर्च दातात धरून.

रजिस्टरमध्ये नोंद आहे:
बोलावणं, एक चाळीस.
प्राणवायू सुरू, तीन पंचवीस.
मधल्या वेळेसाठी रकाना नाही.

यल्लव्वा वाचली.
सकाळी तिने चहात बटर बुडवून खाल्लं
आणि मढवींना विचारलं,
लगीन तुमचंच काय?

पुढच्या बैठकीत कुणी बोलेना.
मुनीरभाईंनी किल्ली टेबलावर ठेवली.
सगुणाने ठेवली.
मढवींना करगोटा सोडायला वेळ लागला,
ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले,
आणि बायका पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.
दुपारी कपाटाचं दारच काढलं.
त्याची आता फळी झालीय,
नळ्या धुऊन वाळत घालायला.

सगळं नीट झालं असं नाही.
मीटरचं बिल दर महिन्याला वाद घालतं.
मास्क दोनच आहेत.
फलक अजून कोरा,
रंगाच्या डब्यावर साय धरली.

हणमंत फाल्गुनात गेला,
बुधवार नव्हता.
तेराव्यानंतर त्याची बायको आली,
टोपलीत तीन विटा.
म्हणाली, घरात ठेवून काय करू.
खोलीची पायरी उंच होती,
चढताना माणसं दोनदा थांबायची.
सगुणाने त्या पायरीपुढे बसवल्या,
सिमेंट मंडळाचं, थापी मुनीरभाईंच्या मेव्हण्याची.

आता माणसं एकदाच थांबतात.