चार फूट नऊ

डिकी विद्याधर बंद करायचा.
एका हाताने, न बघता,
फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत.
धप्प.
सतरा वर्षं मला ठाऊकच नव्हतं
की ते दार उघडं असलं
तर माझ्या हाताला लागत नाही.

मार्चमध्ये त्याची उजवी बाजू गेली,
आणि बरेचसे शब्द.
आली ती व्हीलचेअर. एकोणीस किलो,
घडी घातली तरी चाकं आडवी येणारी.
पाचपाखाडीत, नाझनीनच्या फिजिओच्या दारात,
मी उघड्या डिकीखाली उभी राहून
उड्या मारल्या,
बासष्टाव्या वर्षी भर रस्त्यात मारू नयेत तशा.
शेवटी शहाळेवाल्याने कोयता ठेवून दार ओढून दिलं.
"काकू, दोरी बांधा."

बांधली. परकराची नाडी, लाल,
आतल्या हँडलला दोन निरगाठी.

मग दाराचे दांडे थकले,
ते दोन काळे, गॅसचे, दाराला तोलून धरणारे.
दार हळूहळू खाली यायचं
डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारखं,
आणि मी चेअर आत ढकलत असताना
नेमकं टाळक्यात बसायचं.
मॉपचा दांडा कापून टेकू दिला.
तोही एकदा घसरला, ते सांगत नाही.
गॅरेजवाल्याने नवे दांडे टाकले
तर त्यांचा जोर असा
की दार थेट स्टिल्टच्या तुळईला.
तुळईचा टवका उडाला,
सोसायटीचं पत्र आलं.
पत्रात 'आपल्या निष्काळजीपणामुळे' असं होतं.

माजिवड्याच्या शोरूममध्ये
सॅव्हिओ नावाचा मुलगा
बंपरखाली पाय हलवून दाखवत होता.
"हात भरलेले असतील ना मॅडम, तर फक्त पाय."
दार उघडेना. त्याने पुन्हा हलवला,
देवळाबाहेर आपली चप्पल चाचपणाऱ्यासारखा.
तिसऱ्यांदा उघडलं.
मी म्हटलं, एका पायावर उभं राहायचं वय नाही माझं,
पुढचं सांग.

त्याने दार अर्ध्यात थांबवलं,
कडेच्या बटणावर बोट ठेवलं.
"उंची सेट होते. इथवरच उघडणार, मग कुठे आपटायलाही नको.
तुमची सांगा."

माझी.

ओटा मिळाला तो सासूच्या मापाचा.
बँकेचा काउंटर, माळा, देवघराचा वरचा कोनाडा,
औषधांचं कपाट.
लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभी आहे,
पाट शालूखाली झाकलाय.
माझी उंची बघून हसलेले पुष्कळ.
सांगा म्हणणारा हा पहिला,
तोही कमिशनवरचा.

मी हात वर केला.
दार तिथे आलं. बीप.
सॅव्हिओ पुढे हप्त्यांचं बोलत राहिला,
मला काही ऐकू आलं नाही.

नवी नाही परवडली. तीच सोय असलेली
जुनी मिळाली, कोलशेतच्या एका डॉक्टरांची,
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस.

किल्ली विद्याधरकडे असते.
नाझनीन सांगते, अंगठा दाबा, तीन मोजा, सोडा.
रबरी चेंडू तो भिरकावून द्यायचा.
आता पुढच्या सीटवर बसून
किल्ली उजव्या मुठीत, मूठ मांडीवर.
अंगठा येतो, घसरतो, पुन्हा येतो.
मागचा रिक्षावाला हॉर्न सोडत नाही.
मी शहाळ्यांकडे बघत उभी.
दार उठतं
आणि माझ्या हातापाशी येऊन थांबतं.

परत निघताना
चेअर आत गेली की पुढून येतं, "झालं?"
तेवढा शब्द त्याला स्वच्छ येतो.
मी पत्र्यावर दोनदा थापटते.
तो बंद करतो.
एका हाताने, न बघता.

नाडी मी या डिकीलाही बांधलीय.
बॅटरीचा काय भरवसा.