चौथी बाजू

मोजणीचं यंत्र सड्यावर उभं केलं तेव्हा
ओहोटी अर्ध्यावर होती.
उत्तरेला वाशिष्ठी, दक्षिणेला शास्त्री,
पश्चिमेला समुद्र, त्याच्याबद्दल काय बोलायचं.
शाळेत घोकलेली व्याख्या आठवली,
तीन बाजूंनी पाणी, एका बाजूने जमीन.
मोठ्याने म्हटली असावी.

तानू आग्रे बांधावर बसली होती,
पायांवरचा चिखल वाळू देत.
म्हणाली, "तीन बाजूनं पानी, बराबर.
चौथ्या बाजूनं खोत यायचा."

गाव नांदखोल. वर जांभा,
जांभ्यावर बोटभर माती, तीही पाहुणी.
उतरणीला वरकस, नाचणी, वरी,
एखादं वर्ष कुळीथ.
आणि अगदी तळाला ही खार,
खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली साडेअकरा एकर.
दर उधाणाला खाडी
मोजायला येते, सगळी आहे ना.

बांधात मधोमध एक तोफ गाडलेली, तोंड खाली.
सिद्दीची, फिरंग्यांची, की आपल्याच कुणाची,
गंज सगळ्यांचा सारखाच.
आता तिला होडी बांधतात,
होडी नसली तर रेडा.
अब्बास खलफे सांगतो, आजाने सोळा माणसं लावून
ती गडावरून उतरवली,
आणि तेव्हापासून त्या जागी कधी खांड पडली नाही.
पडली ती वीस पावलं पलीकडे.

उघाडी अब्बासच्या घराकडे, तीन पिढ्या.
फळी ओहोटीला आपोआप उघडते,
भरतीला आपोआप मिटते.
आपोआप म्हणजे
रात्री दोन वाजता कुणीतरी कमरेभर पाण्यात उतरून
बिजागरीतलं शेवाळ काढतं, तेव्हा.

यंत्राला आकाशात सतरा उपग्रह सापडले.
हद्दीचा दगड सापडेना.
गट नंबर दोनशे सात
माझ्या नकाशावर चांगला चौकोनी आहे,
समोर त्याचे चार गुंठे पाण्याखाली,
आणि त्यात उभा एक बगळा,
सातबाऱ्यावर नाव नसलेला.

"ह्ये काय म्हनून लिवनार?"
समुद्रासाठी आमच्याकडे रकाना नाही.
पोटखराबा लिहितात,
जसं जमिनीनेच काही भलतंसलतं खाल्लं असावं.

या चार गुंठ्यांचा मक्ता तिच्या सासऱ्याने भरला.
पीक खारं झालं तरी
मक्ता गोड्या पाण्याचाच.
मग कुळकायदा आला, कागद आला,
कागदाच्या खाली कोपऱ्यात त्याचा अंगठा,
किंचित फाकलेला.
तिने तो डब्यातून काढून दाखवला,
काळ्या रत्याच्या बियाण्याखालून.
"भरतीला कागूद वाचता येत नाय.
नायतर तुमच्यासारखा
तिलापन वाचून दावला असता."

चारच्या सुमाराला माणसं उतरू लागली.
घरटी एक. ज्या घरात कुणी उरलं नाही
त्या घराची शेजारीण, दोनदा मोजलेली.
गाळाचे गोळे कापायचे, पेंढ्यात वळायचे,
हातातून हातात, खांडीपर्यंत.
कुणी हाकारा देत नव्हतं.
फक्त चिखल सुटण्याचा तो आवाज,
आणि मधूनच अब्बासचा, "पानी फिरलं."

रांगेत एक जागा रिकामी होती,
धनावड्यांच्या सुनेच्या आणि एका पोराच्या मधे.
मी वहीत वेळ टिपली. बूट काढले.
यंत्र सड्यावर एकटंच
लाल दिवा मिचकावत राहिलं.

"धरा. जड हाय."
होता. थंडही होता,
आत एक शिंपला टोचला.
गोळ्यावर माझा अंगठा स्पष्ट उमटला,
रेघान्‌रेघ.
पोराने तो घेतला, वळवला,
आणि पुढे देता देता
त्याच्या तळव्याने पुसून गेला.