फर्नवूड रस्त्याचा अहवाल

ट्रूडीबाई, तुमच्या नकाशावर
टोलेडोचा हा कोपरा फिकट हिरवा आहे.
म्हणजे घर स्वस्त, भाडं बरं, शाळा मध्यम.
तो हिरवा खरा आहे का, ते बघण्याचे
मला तासाला अठरा डॉलर मिळतात.

तुम्ही सांगितलंत तसा तीनदा आलो.
सकाळी सातला : बसथांब्यावर नऊ पोरं,
एकाच्या पायात दोन वेगळे बूट.
दुपारी : टपालपेट्या ओसंडलेली दोन घरं,
छपरावर निळी ताडपत्री, तीन.
रात्री अकराला इंजिन बंद करून काच खाली केली.
कुणीतरी ट्रम्पेटवर एकच ओळ घोटत होतं,
चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून.
याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

खुर्च्या मोजा, असं मी नव्यांना सांगतो.
पोर्चवर खुर्ची ठेवून जो निर्धास्त झोपतो
त्याचा शेजार विकत घ्यावा.
इथे सोळा घरांत अकरा खुर्च्या,
एक साखळीने बांधलेली.
ती कशी धरायची, तुम्ही ठरवा.

दुरून डोंगर साजरे.
इथे तर डोंगरही नाही, सगळा सपाट मुलूख,
आणि तुम्ही सॅक्रामेंटोत, माझ्या तीन तास मागे.

क्रमांक १४१८. पिवळं घर, दोन हिवाळे रिकामं.
तळघरात पाइप फुटलाय.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा,
लेमार चार फुटांपाशी थांबलाय.
त्याचा फोटो काढला नाही.

तुम्ही विचारलंत, तुम्ही स्वतः इथे राहाल का?
सगळेच विचारतात.
पलीकडच्या १४२२ मध्ये माझी बहीण ओपल भाड्याने राहते.
ती खुर्ची तिची. साखळीही.

'उत्तम' लिहिलं तर तुमच्या मागून दहाजण येतील
आणि तिचं भाडं चढेल.
'नको' लिहिलं तर तिसरा हिवाळा,
मग दारावर नगरपालिकेची नोटीस, मग बुलडोझर,
आणि तिच्या खिडकीशेजारी कमरेइतकं गवत.

तासभर गाडीतच बसून राहिलो.
तो तास बिलात लावलेला नाही.

रस्ता बरा. छप्पर बदला.
आधी नळ, रंग नंतर.
आणि एकदा स्वतः या, फेब्रुवारीत,
भिजले तरी चालतील असे जोडे घालून.
ओपल दार उघडेल, कॉफीही देईल.
फक्त एवढंच विचारेल :
शेजारचं पाणी रात्री दोनला माझ्या तळघरात आलं
तर फोन कुणाला करायचा?

नाव तयार ठेवा. माझं सांगू नका.